शेटे डॉक्टर आणि वैशीच्या हिरड्या

इतर डॉक्टर तोंडात बघून नुसतं ‘हं’ करतात. आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतले दातांचे शेटे डॉक्टर टॉर्च मारायचे आणि म्हणायचे, “काय कळंना बघा.” हे ऐकून एक पैलवान खुर्चीसकट उठला तो थेट गावाबाहेर कळंब्यापर्यंत पळाला. खुर्ची आठवड्यानं परत मिळाली.

नव्वदीच्या शेवटी माझ्या धाकट्या बहिणीनं, वैशीनं, त्यांच्याकडून दातांना तार लावून घेतली. दात वळणावर येऊ लागले, पण हिरड्या अशा फुगल्या की दूध उतू जावं तशा तारेवरून खाली आल्या. पोरगी हसली की दात शोधावे लागायचे. कॉलेजात ती तोंडावर रुमाल धरून बसायची. तार काढावी तर दात अर्धवट, ठेवावी तर हिरड्या.

“ब्रश नीट करतीस न्हवं?” डॉक्टरांनी विचारलं.

“तारेत अडकतोय. वरवरच फिरतोय,” वैशी म्हणाली.

“म्हणून मी मिश्री चोळाय लावली हाय,” आई अभिमानानं म्हणाली. “दोन्ही टायमाला.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांना वैशीच्या कानांत कडुलिंबाच्या काड्या दिसल्या.

“खोटं कानातलं सोसत न्हाय व्हय हिला?”

“घातलं की कान चिघळतोय.”

“त्यात निकेल असतंय. तारेतबी असतंय. तेच कारण असंल. नसंलबी. काय कळंना बघा.”

“मग आम्ही काय हुपरीच्या सोनाराला दात दाखवायचं?” आई म्हणाली.

डॉक्टरांनी तार काढली, मिश्री बंद केली, ब्रश धरायला शिकवलं. सगळं एकाच दिवशी. हिरड्या हळूहळू बसल्या. मग निकेल नसलेलं सामान मागवून त्यांनी दात सरळ केले. रुमाल सुटला, आणि घरात भांडण सुरू झालं. बाबा म्हणत, धातूच बाधला. वैशी म्हणे, ब्रशनं वाचवलं. आईचं म्हणणं, मिश्रीचा गुण उशिरा येतो. मला तिघांचंही पटायचं, ज्याच्या शेजारी बसेन त्याचं जास्त.

डॉक्टर आता नाहीत. पण होते तेव्हा एकदा घरी चहाला आले असताना वैशीच्या दातांकडे इतका वेळ बघत राहिले की चहावर साय धरली. मी म्हणालो, “डॉक्टर, जुनी तार महिनाभर परत बसवा की. निकाल लागंल.”

“लागंल की. मला लई बघायचं हाय,” ते म्हणाले. “पण तोंड तिचं हाय. म्हणून ती तार मी तवाच टाकून दिली. जवळ असती तर कवातरी तारंकडं माझा हात गेला असता.”