सवयीनं सापडते

ओळख होऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात कुसुमताईंनी माझा खून केला. बोरगाव मेघेत त्यांच्या शेजारी आम्ही नवीनच राहायला आलो होतो. मी त्यांचा कुकर मागून नेला आणि परत दिला तो शिट्टीशिवाय. त्यांच्या पुढच्या रहस्यकादंबरीत पहिल्याच पानावर माझ्यासारखीच एक कारकून बाई विहिरीत तरंगत होती, आणि काठावर माझी निळी चप्पल! मी तणतणत त्यांच्या दारात गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "शिट्टी आणली का?"

असा त्यांचा कारभार. ज्यानं दुखवलं, तो पुढच्या पुस्तकात पहिल्या पानावर आडवा. गॅस एजन्सीवाला गेला, वाटणीत फसवणारा दीर गेला, "बायकांनी पाककृती लिहाव्यात" असं म्हणणारा प्रकाशक तर दोनदा गेला. "मेला का सुटला," ताई म्हणायच्या. "मंग माह्या पोटात राग नाई राहत."

हे वेड त्यांना भज्यांनी लावलं. वडील हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. येताना भजी आणायचे, ती रहस्यकथांच्या जुन्या मासिकांच्या कागदात बांधलेली असायची. शेवटचं पान कधी म्हणून आलं नाही. मग खुनी कोण, ते भावंडांना ताईच रचून सांगायच्या. तेव्हापासून त्यांची रीत ठरली ती ठरलीच, आधी सांगायचं आणि मग लिहायचं. हिवाळ्यात दुपारी आम्ही गल्लीतल्या बायका त्यांच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसायचो आणि ताई नवी कादंबरी सांगायच्या. खुनी ओळखू आला की सूप पालथं करून वाजवायचं. सूप लवकर वाजलं, तर ताई खुनी बदलायच्या. संक्रांत झाली की स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहायला घ्यायच्या.

"खुनी ठशानं नाई सापडत बाई, सवयीनं सापडते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "हात धुता येते, सवय नाई धुता येत. अन् आपली सवय आपल्याले दिसत नाई."

या अंगणात एका हिवाळ्यात रत्नपारखी सर येऊन बसू लागले. कॉलेजात शिकवायचे, नागपूरहून बदलून आलेले. मोबाइल मांडीवर ठेवून ऐकायचे. आम्हाला काय कौतुक! उन्हाळ्यात त्यांची कादंबरी आली. आमच्या अंगणातली, ताईंची, शब्दन्‌शब्द ताईंची! तीन हिवाळे नुसती घोळवलेली, अजून लिहायला न घेतलेली गोष्ट होती ती. नाव मात्र सरांचं. मांडीवरचा मोबाइल सगळं टिपून घेत होता, हे तेव्हा कळलं. कागदावर ताईंचं एक अक्षर नव्हतं, मग पुरावा कुठून आणणार? मी म्हटलं, चला, त्यांच्या दारात जाऊन तमाशा करू. ताई चार दिवस जेवल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "काही बोलू नका. त्याले येऊ द्या."

मेला आला की हो पुढच्या हिवाळ्यात! निलाजरेपणाची कमाल! ताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि नवी गोष्ट सुरू केली. गोष्टीतला खुनी एक मिशीवाला डॉक्टर. वाक्यागणिक "एका अर्थाने" म्हणणारा. चष्मा पुसायला स्वतःचा रुमाल कधी न काढणारा, हाताशी येईल तो पडदा नाहीतर दुसऱ्याचं उपरणं ओढणारा. आणि स्वतः एक शेंग न सोलता दुसऱ्याच्या वाटीतले सोले, म्हणजे सोललेले ओले दाणे, खाणारा.

आमच्या शांताकाकूंचा हात सुपाकडे गेला. ताईंनी डोळे वटारले. मी पदर तोंडात कोंबला. कारण सर त्या वेळी माझ्याच वाटीतले सोले खात होते आणि म्हणत होते, "एका अर्थाने, हा डॉक्टर फार जिवंत वाटतो."

ते पुस्तकही सरांच्याच नावानं आलं. प्रकाशनाला वर्ध्यातलं सभागृह भरलं होतं. खाऊ द्यायची जबाबदारी आम्ही आपणहून घेतली. मंचावर उकडलेल्या शेंगांची ताटली ठेवली. प्रमुख पाहुणे भले माणूस, बोलता बोलता शेंगा सोलून दाणे बशीत जमवत होते. सर शेवटचं प्रकरण वाचायला उठले. पुस्तकातला इन्स्पेक्टर डॉक्टरच्या सवयी एकेक करून मोजत होता. वाचता वाचता सरांनी पाहुण्यांची शाल ओढून चष्मा पुसला. पुढच्या परिच्छेदाला त्यांच्या बशीत हात घातला. कुठूनतरी खुसखुस झाली. सरांनी मान वर केली, तोंडात दाणे, आणि म्हणाले, "एका अर्थाने..."

शांताकाकूंनी पिशवीतून सूप काढलं आणि असं वाजवलं, की सभागृहात हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. विद्यार्थी तर बाकं बडवत होते. सरांनी हातातल्या पानाकडे पाहिलं, मग बशीतल्या आपल्या हाताकडे. मला इतका आनंद लेकाच्या लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ते ताईंकडे आले. चेहरा पार उतरला होता. "तुम्ही मला जिवंत मारलंत, ताई."

"नाई जी," ताई म्हणाल्या. "मारलं असतं त सुटले असते तुम्ही. म्हणून त खुनी केलं. आता पहिल्या पुस्तकावर माहं नाव टाका, अन् जा."

"पुरावा काय?" असं म्हणून सर निघून गेले. जाताना चष्मा पुसला तो ताईंच्या दाराच्या पडद्याला!

मागच्या उन्हाळ्यात ताई सेवाग्रामच्या दवाखान्यात वारल्या. शेवटपर्यंत शुद्ध होती. मी विचारलं, "सरांचं काय करू?" म्हणाल्या, "त्यानं नाव टाकलं का? नाई ना? मंग सूप खाली ठेवजो नको."

आता बैठक माझ्या अंगणात भरते. शेंगा सोलता सोलता मी नव्या सुनांना ताईंची गोष्ट सांगते, आणि खुनी कोण ते लगेच सांगून टाकते. सर संध्याकाळी फिरायला आमच्याच रस्त्यानं जातात, दुसरा रस्ता नाही. ते फाटकासमोर आले की सगळ्या मिळून सुपं वाजवतो. सर मान खाली घालून भराभर चालू लागतात. हल्ली त्यांच्या खिशात स्वतःचा रुमाल दिसतो. पण पुस्तकावर नाव अजून त्यांचंच आहे, आणि माझे हात अजून धड आहेत.