पूज्य, पूज्य, एक

माझे सासरे, अप्पा, माझ्याशी शेवटचं वाक्य बोलले ते हे : "सूनबाई, पोह्यात मीठ पूज्य आहे." मंगळवारची सकाळ होती, मला लेस्टरच्या कौन्सिल ऑफिसची बस गाठायची होती. "असू दे हो अप्पा, बीपीला चांगलं!" असं ओरडून मी दार ओढून घेतलं. दुपारी जेवून खुर्चीत डुलकी घेता घेता ते गेले. ऑफिसात समीरचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मनात पहिलं काय आलं सांगू? मीठ घालून यायला हवं होतं… याला दीड महिना झाला. रडून झालंय. आता त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की हसूच येतं, आणि त्यांना तेच आवडलं असतं.

पूज्य म्हणजे शून्य, हे जुन्या शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको. टेनिसमध्ये शून्याला 'लव्ह' म्हणतात. वडीलधाऱ्यांसमोर ते मोठ्यानं कसं ओरडायचं, म्हणून सांगलीच्या क्लबात पोरांनी 'पूज्य' चालू केलं आणि अप्पांनी ते बोटीतून इंग्लंडला आणलं. पंधरा-पूज्य, तीस-पूज्य. माझी मुलगी मीरा इथेच जन्मलेली. बागेत त्यांच्याशी खेळताना ती ओरडायची, "आजोबा, तुझी गेम पूज्य झाला!" व्याकरणाच्या नावानंही पूज्यच, पण अप्पांना त्याचं कोण कौतुक!

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते कॉव्हेंट्रीच्या एका मोटारींच्या कारखान्यात नोकरीला लागले. टेनिस शिकले होते शेणानं सारवलेल्या कोर्टावर, आणि इथे बघतात तर हिरवंगार गवत. "अगं, गवत तेच," ते मला सांगायचे. "आपण ते आधी गाईला देतो आणि मग त्यावर खेळतो. ह्या लोकांनी मधली पायरी गाळलीय." कारखान्यातल्या मित्रांनी भरीला घातलं, आणि अप्पांनी काउंटीच्या ग्रास-कोर्ट चॅम्पियनशिपमध्ये, पुरुष एकेरीत, नाव दिलं. तो सगळा हौशी खेळाडूंचा जमाना. जिंकलात तर कप आणि हस्तांदोलन, हरलात तर चहा आणि हस्तांदोलन. हौसेला मोल नाही म्हणतात ते तिथे अक्षरशः खरं होतं. गादीखाली घालून कडक केलेली पांढरी पँट चढवून अप्पा बसनं गेले आणि पहिल्याच फेरीत गारद झाले. सहा-पूज्य, सहा-पूज्य, सहा-एक. हरवणारा गॉर्डन नावाचा उंच तरुण पुढे ती स्पर्धाच जिंकला.

पण तो शेवटचा 'एक'! अप्पांची आयुष्यभराची पुंजी म्हणजे तो एक गेम. मिलेनियमचे फटाके उडाले त्या वर्षी मी लग्न होऊन ह्या घरात आले, आणि पहिल्याच आठवड्यात मला तो गेम पॉइंटागणिक ऐकावा लागला. शेवटचा पॉइंट उभं राहूनच सांगायचा. डाव टाकायचा तो लाटण्यानं किंवा झाऱ्यानं, हाताला लागेल त्यानं. गॉर्डन नेटपाशी आला, अप्पांनी त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकला, तो उलटा पळाला, घसरला आणि गवतावर बसला… "बसला म्हणजे? चांगला फतकल मारून बसला!"

आता माझा गुन्हा. मी पुण्याची, त्यातून माझ्या जिभेला हाड नाही. एका दिवाळीला घरात वीस माणसं जेवायला, पानं वाढलेली, भात निवतोय आणि अप्पा अजून तीस-पंधरावरच. मी म्हणाले, "अहो अप्पा, त्यानं सोडला असेल तो गेम! परदेशी पाहुणा, तिन्ही सेट पूज्य बरं दिसत नाही." सगळे खो खो हसले. अप्पाही हसले. मग गेम तीस-पंधरावरच ठेवून पानावर बसले.

त्यानंतर त्यांनी तो गेम कधीच सांगितला नाही. पाहुणे आले की हवेवर बोलायचे. मीरानं हट्ट केला तरी "नंतर हं" म्हणायचे. समीर मला एवढंच म्हणाला, "अगं, इथे आल्यावर पहिली काही वर्षं त्यांना कुणी नावानंही हाक मारत नव्हतं. तेवढा एकच दिवस त्यांचा होता." एक मिश्कील शब्द, आणि मी म्हाताऱ्या माणसाचं सगळं काढून घेतलं होतं.

मग मी हात धुऊन त्या गॉर्डनच्या मागे लागले. लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं चाळली, क्लबांना फोन केले, आणि गॉर्डनसाहेब सापडले! कॉव्हेंट्रीजवळच्या एका गावात एकटेच राहत होते. चहाला या म्हणाले. अप्पा टाय लावून गाडीत माझ्या शेजारी बसले. त्या माणसानं "हो, सोडला होता" म्हटलं तर?

केक खाऊन झाल्यावर अप्पांनी सरळ विचारलं, "तिसऱ्या सेटमधला तो गेम तुम्ही मला सोडलात का?" गॉर्डनसाहेबांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग कानापर्यंत लाल झाले. "आय अ‍ॅम सो सॉरी. मला ती मॅचच आठवत नाही हो."

परतताना मला अप्पांकडे बघवेना. दोन राउंडअबाउट गेले, तिसऱ्यावर अप्पांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "जिंकलो!"

"अहो, काय जिंकलो?"

"अगं, केलेले उपकार माणूस कधी विसरतो का? सोडला असता तर जन्मभर सांगत बसला असता. हरलेलं तेवढं विसरतो माणूस. सूनबाई, गेम माझाच!" आणि हायवेवरच्या सर्व्हिसेसला, चहापाण्याच्या थांब्यावर, गाडी थांबवायला लावून त्यांनी सगळ्या पार्किंगसमोर माझ्या छत्रीनं तो डाव मला पुन्हा दाखवला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रविवारी दहाला फोन वाजला. गॉर्डनसाहेब. विसरल्याची त्यांना लाज वाटत होती. ती मॅच मला सांगाल का, म्हणाले. अप्पांनी सांगितली. मग दर रविवारी सांगितली, चार वर्षं. दोघंही विधुर, दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे स्कोर शेजाऱ्यांनाही पाठ. गॉर्डनसाहेब पलीकडून विचारायचे, "देन?" आणि अप्पा इकडे रिसीव्हर खांद्याशी धरून डाव टाकायचे.

अंत्यविधीला गॉर्डनसाहेबांना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. पण त्या रविवारी दहाला फोन वाजला. अप्पांच्या खुर्चीशेजारचा तो फोन उचलायला कुणी उठेना, शेवटी मी उठले. तेव्हापासून दर रविवारी मीच उचलते. परवाच्या रविवारी ते आपणहून सांगायला लागले, की ऊन डोळ्यांवर होतं, चेंडू वर गेला, आणि मागे पळताना त्यांना वाटलं की हा बाहेर जाणार… हे त्यांचं आठवणं की अप्पांचं सांगणं, देव जाणे. माझी जीभ पुन्हा वळवळलीच. मी म्हटलं, "मिस्टर गॉर्डन, आता अप्पा नाहीत. खरं सांगा, सोडला होतात का हो?"

पलीकडे म्हातारा चक्क चिडला.

"सोडला? माय डिअर, चॅम्पियनशिप होती ती!"