सत्राला आलेले सेवेकरी

बीटी कापूस आला तेव्हा जीपला कर्णे बांधून लोक गावोगाव सांगत फिरले, की आता अळी मेली, फवारणी संपली. अळीला बहुधा ते नीट ऐकू गेलं नाही. चार-पाच हंगामांत फवारण्या पूर्वीपेक्षा वाढल्या, आणि शेतात उरलेलं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी यायला लागलं. घरी ते मोरीत ठेवायचे. मोरी लहान मुलांच्या आवडीची जागा, आणि मी मेहकरात लहान मुलांचा डॉक्टर.

एका पोळ्याच्या सुमारास जानेफळहून एक चार वर्षांची मुलगी माझ्याकडे यायला निघाली आणि पोचली नाही. वाटेतच गेली. तिला आधी पाहिलं होतं तिथल्या डॉक्टरनं. आयुर्वेदाची पदवी, एका खोलीचा दवाखाना, तिन्हीत्रिकाळ उघडा. त्यानं सलाईन लावलं आणि गाडी करून दिली. या विषावरचा उतारा म्हणजे अॅट्रोपिनचं इंजेक्शन. ते त्याच्या कपाटात होतं, पण त्यानं दिलं नाही. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोललो.

तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "भेव वाटलं सर. किती द्यायचं, कुठं थांबायचं, मले शिकवलं कोनं? तुमच्या सभेत तं आम्हाले दारातूनच वापस करतेत."

खरं होतं ते. आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेत सभासदाशिवाय कोणाला बसू देत नसत. आयुर्वेदवाल्यांनी आमची औषधं वापरू नयेत, हे आमचं तत्त्व. एस.टी.च्या थांब्यासमोर ज्याची पाटी दिसेल त्याच्याच दारात आई लेकरू घेऊन धावते, तिला आमचं तत्त्व माहीत नसतं. मी आणखी चिडलो आणि फोन ठेवला. त्या मुलीचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही, तरी ती डोक्यातून जाईना.

त्याच महिन्यात संघटनेच्या पुण्यातल्या राज्य शाखेनं विशेष परिसंवादांसाठी प्रस्ताव मागवले. मी विषय लिहिला, 'मुलांमधील कीटकनाशक विषबाधा : पहिला तास'. 'उद्दिष्ट' या रकान्यात 'लेकरू वाटेत मरू नये' असं लिहिलं, मग ते खोडून इतकं भारदस्त इंग्रजी लिहिलं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच समजेना. पुण्याहून नकार आला. विषय प्रादेशिक आहे म्हणे. मुलांच्या लठ्ठपणावरच्या परिसंवादांना मात्र सकाळ-संध्याकाळ जागा होती. मी वैज्ञानिक समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"आमच्या प्रॅक्टिसमध्ये हे येत नाही हो," ते म्हणाले.

"तुमच्याकडे कापूसच येत नाही, सर."

त्यांना तो विनोद वाटला. ते मनमोकळे हसले.

आमच्या जिल्हा शाखेचे अध्यक्ष माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. अर्ध्या जिल्ह्याची बाळं त्यांनी उलटी धरून रडवलेली. त्यांनी माझा कागद चष्मा वर करून वाचला. "काऊन तोंड पाडून बसला बे? विषय कोन वाचते? जागा वाचतेत. शेगाव लिही. मंदिरातलं दर्शन लिही, कचोरी लिही."

मी लिहिलं. तोच विषय, तेच इंग्रजी, फक्त स्थळ शेगाव. आठवड्यात मंजुरी आली. पुण्याहून दोन शंका विचारल्या होत्या, कुटुंबाला आणता येईल का आणि दर्शन रांगेशिवाय होईल का. शास्त्राबद्दल कोणाला शंका नव्हती. खाली एक अट होती, प्रवेश फक्त सभासदांना. मी कागद अध्यक्षांपुढे आपटला. "बरोबर आहे त्याइचं," ते म्हणाले आणि सुपारी कातरत बसले. म्हातारा फिरला, असं मी बायकोला सांगितलं.

परिसंवादाच्या दिवशी लॉजचा हॉल सकाळपासून भरलेला. दुपारी सगळ्यांनी पिठलं-भाकरी हाणली. माझं सत्र जेवणानंतर, त्यासाठी मुंबईहून विषबाधेच्या तज्ज्ञ मॅडम आलेल्या. आणि बरोबर त्याच वेळेला आमच्या अध्यक्षांनी दर्शनाची बस लावली. बघता बघता सगळे शास्त्रज्ञ सहकुटुंब बसमध्ये. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुम्ही माझं सत्र मारलं," मी म्हणालो.

ते कचोरी खात होते. "पहिले हॉलमधी जाऊन तं पाह्य."

गेलो. हॉल भरलेला होता. पांढरे सदरे, छातीवर 'सेवेकरी' असे बिल्ले. याच लोकांनी आम्हाला जेवण वाढलं होतं, आणि वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं? आता बघितलं. जानेफळ, देऊळगाव राजा आणि मधल्या गावांचे डॉक्टर होते सगळे. शेगावात सेवेकऱ्याला कोणी अडवत नाही. पहिल्या रांगेत तो बसला होता, ज्याला मी फोनवर झोडपलं होतं. त्याच्या हातात अजून पिठल्याचा डाव होता.

मॅडमनी बिल्ले बघितले, मग मला विचारलं, "हे कोण?"

"पहिला तास यांच्याकडे असतो."

त्यांनी पडद्यावरची अर्धी चित्रं पुढे ढकलली आणि बोलायला लागल्या. शेवटी जानेफळवाल्यानं विचारलं, "थांबायचं कुठं, मॅडम?"

"छातीतली घरघर जाऊन छाती कोरडी होईपर्यंत थांबायचं नाही."

"आन लेकराले काही झालं तं?"

"नाही दिलं तर होणारच आहे."

तेवढ्यात वैज्ञानिक समितीचे ते पुण्याचे अध्यक्ष कपाळाला बुक्का लावून परतले आणि दारात थबकले. "हे सेवेकरी नोट्स का काढतायत?"

आमचे अध्यक्ष म्हणाले, "आमच्या इकडचे लोक सेवा मन लावून करतात, सर. प्रसाद घ्या."

पुढच्या हंगामात, कपाशीला बोंडं धरली असताना, जानेफळहून एक आई तीन वर्षांचं पोर घेऊन आली. पोर लालबुंद, तोंड कोरडं ठक्क, हवेतून काहीतरी वेचत होतं आणि भिंतीशी बोलत होतं. आई संतापली होती.

"बाटलीतलं प्यालं तं घुर्रघुर्र करून राह्यलं होतं नुसतं. त्या डॉक्टरनं सुयांवर सुया टोचल्या आन येडं करून टाकलं माह्या लेकराले. त्याची तक्रार कुठं करा लागते?"

अॅट्रोपिन पुरेसं गेलं की मूल असंच बरळतं, एक-दोन दिवसांत उतरतं. मी तिला म्हटलं, माझ्याकडे करा, आणि पोराच्या छातीला तपासायची नळी लावली. घरघर नव्हती. श्वास स्वच्छ येत होता, जात होता. बाई माझ्या मागं उभी राहून जानेफळच्या डॉक्टरला शिव्या घालत होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, म्हणून मी मान वर न करता ती छाती ऐकतच राहिलो.