पावसाळ्यातली पाहणी

अंधेरीच्या आमच्या वॉर्ड ऑफिसात विकास आराखड्याचा नकाशा लावला होता. नागरिकांनी तो पाहावा आणि हरकती कळवाव्यात, अशी अपेक्षा होती. तो जिन्याखालच्या बोळात होता, तिथला बल्ब गेलेला होता आणि उपनगराचा वरचा भाग पार छतापर्यंत पोचला होता. खुणांचा तक्ता इंग्रजीत होता. मराठीत एकच ओळ होती : नकाशास हात लावू नये.

मी तिथे गेले ती आमच्या कोळणीबरोबर. आमच्या इमारतीत ती वर्षानुवर्षं मासळी घेऊन यायची. मी वर्तमानपत्रात काम करते हे तिला ठाऊक होतं, पण त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी पाटी उतरवून ती आईला म्हणाली, "ताई, तुमची पोरगी माज्यासंगती धाडा. आमच्या खल्याचा गारडन केलाय म्हनतात."

खळं म्हणजे जुहूच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी, तिच्या गावामागचं मैदान. दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत तिथे बांबू रोवून दोर ताणलेले असत आणि त्यांवर बोंबील सुकत. पाऊस जवळ आला की बांबू उपटायचे, दोर गुंडाळायचे आणि सगळं माळ्यावर चढवायचं, नाहीतर कुजतं. पावसाळ्यात होड्या बंद. तेव्हा तिचं घर सुक्या मासळीवर चालायचं आणि घरात कमावणारी ती एकटी होती. खळं गेलं तर बोंबील ओलाच विकायचा, व्यापारी देईल त्या भावाने, आणि पावसात हात चोळत बसायचं.

नकाशात खाडी सापडली, खाडीवरून गाव सापडलं. गावामागे हिरवा चौकोन होता.

"हिरवा कशामुळे?" मी कारकुनाला विचारलं.

"बाग. पाहणीला माणूस गेला तेव्हा तिथे गवत होतं."

"कधी गेला होता?"

"पावसाळ्यात. तेव्हाच सवड असते."

येत्या वीस वर्षांत लोकांनी कुठे राहावं, कुठे चालावं आणि कुठे खेळावं हे ठरवणाऱ्या खात्याने त्या जमिनीकडे एकदा पाहिलं होतं, तेही छत्रीखालून.

हरकत लिहून दिली. सुनावणीला बोलावणं आलं. बाकांवर बरेच लोक बसले होते. प्रत्येकाच्या घरावरून, दुकानावरून किंवा विहिरीवरून कुठली ना कुठली रेघ गेलेली होती. आत जाताना ते चपला दाराशी काढत होते. काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. नका काढू असंही कुणी सांगितलं नाही.

अधिकाऱ्याने मान वर न करता कोळणीला विचारलं, "या जागेवर तू काय करतेस?"

"मासली सुकवते, सायब."

"म्हणजे उद्योग."

"उद्योग नाय. बोंबील."

"उद्योग असेल तर निवासी विभागात चालत नाही. नसेल तर जागा मोकळी आहे. यातलं काय लिहू?"

"मोकली नाय, सायब. तुमचा मानूस पावसात आला."

"त्याने जे पाहिलं ते लिहिलं."

"तुमचं हापिस रविवारी बंद असतं ना? तवा आमी येऊन लिवायचं काय, हितं कोन काम करीत नाय?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तसं लिहायला रविवारपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. अधिकाऱ्याने शेरा मारला : जागेची फेरपाहणी करावी. आम्ही तो विजय समजलो. कोळणीने जिना उतरताना मला पापलेट कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी आणूनही दिलं.

फेरपाहणीची फाईल हिवाळाभर एका टेबलावर होती. खळ्यावर बोंबलांच्या माळा लागल्या, वाळल्या, उतरल्या. मी दोनदा ऑफिसात जाऊन सांगितलं, आत्ता या, आत्ता दिसेल. नंबर लागला की येऊ, असं उत्तर मिळालं. नंबर लागला जुलैत.

दोघे आले. एक इंजिनियर आणि त्याच्यावर छत्री धरणारा एक शिपाई. खळ्यावर गवत गुडघाभर वाढलेलं होतं. कोळणीने त्यांना घरी नेऊन माळ्यावर बांधून ठेवलेले बांबू दाखवले, दोरांची वेटोळी दाखवली. "हे बगा. हाच खला. पावसात आमी घरात ठेवतो."

"बांबू कुणाच्याही घरात असतात, मावशी," इंजिनियर म्हणाला. मग बाहेर छत्रीखाली येऊन त्याने विचारलं, "सुके सोडे चांगले मिळतात का तुमच्याकडे?"

"मिलतात ना. पन कुटं सुकवू ते तुमी सांगा."

त्याला ते ऐकू आलं नसावं. शिपायाला आलं, त्याने छत्री थोडी खाली घेतली.

हरकत फेटाळल्याचं कळलं तेव्हा मी बातमी दिली. शहराच्या पानावर तळाशी, पाणीकपातीच्या खाली ती छापून आली. उत्तरादाखल खात्याचा खुलासाही आला : जागेची प्रत्यक्ष पाहणी दोन वेळा करण्यात आली असून दोन्ही वेळा जागा मोकळी आढळली. वाक्यात खोटं काही नव्हतं. खोटं बोलायलाही थोडे कष्ट पडतात, आणि या खात्याला तेवढेही झेपत नसत.

बाग मात्र त्यांनी केली. खळ्याभोवती जाळीचं कुंपण, फाटक, दोन बाकं, लॉन. उद्घाटन पावसाळ्यात झालं, तेव्हा सगळं हिरवंगार होतं आणि पाहुण्यांनी खात्याच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. नळजोडणीचा विषय दुसऱ्या विभागाकडे होता.

पुढच्या जानेवारीत मी तिकडे गेले. कोळणी रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या कागदावर थोडे बोंबील पसरून बसली होती. एखादी मोटार गेली की धूळ त्यांच्यावर बसे आणि ती फडक्याने झटकत राही. निम्म्याहून जास्त माल आता ओलाच जातो, असं ती म्हणाली. फाटकाला कुलूप होतं. आत लॉन पिवळं पडून जमिनीला चिकटलं होतं.

"बग, बाय," ती जाळीतून बोट दाखवत म्हणाली. "कसा कडकडीत वाललाय. आमचे बोंबील बी एवढे बेस वालत नवते."