अवेळी वाजलेली घंटा

"यात काहीतरी गोम आहे," असं म्हणून काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्या वस्तूकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचे. ती वस्तू दुधाचा खोका असो, स्टेशनातला फलक असो किंवा मी असो, त्यांच्या नजरेत फरक पडत नसे.

काका म्हणजे मेधाचे वडील. मेधा माझ्या ऑफिसातली, टोकियोतल्या निशी-कसाईत माझ्याच इमारतीत राहणारी. सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्या-मुंबईची माणसं तेव्हा घोळक्यानं जपानला येत होती. काका मात्र कामासाठी आले नव्हते. ते तपासणीसाठी आले होते. मेधाला ऑफिसातल्या हायाशीशी लग्न करायचं होतं. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे काकांनी नाही म्हटलं तर आपण करायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हायाशीलाही तिनं तसं सांगितलं होतं. दोघंही बिचारे परीक्षेला बसल्यासारखे दिवस काढत होते.

आणि परीक्षक कोण, तर एस.टी.च्या तपासणी पथकात जन्म घालवलेला माणूस. कऱ्हाडच्या आसपास काकांची जीप दिसली की वाहकांना घाम फुटायचा म्हणे. "साहेब, तिकीट आत्ताच वाऱ्यानं उडालं," हे वाक्य आयुष्यभर ऐकलेल्या माणसाचा जगावर किती विश्वास उरणार? लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. काका पाणीही फुंकून प्यायचे.

तोझाई लाइनच्या मेट्रोत पहिल्यांदा चढले तेव्हा त्यांनी दोन्ही टोकांकडे पाहून मला विचारलं, "तपासनीस कुठल्या स्टेशनला चढतो?"

"चढत नाही, काका. स्टेशनातल्या फाटकातच तिकीट बघतात. यंत्र आहे."

"आणि आत कोणीच बघत नाही?"

"नाही."

"यात काहीतरी गोम आहे," काका म्हणाले आणि समोर झोपलेल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थावर नजर ठेवून बसले.

पावसाच्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या कोनबिनीबाहेर, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानाबाहेर, उभे असायचे. दुकानाच्या दाराशी लोक आपापल्या छत्र्या उभ्या करून आत जात आणि बाहेर येऊन आपलीच छत्री घेऊन जात. कुणी चांगली बघून उचलतो का, याची काका वाट पाहत. कुणीच उचलेना, तेव्हा ते घरी येऊन खिन्नपणे चहा प्यायले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गुन्हा सापडला नाही की त्यांचा दिवस वाया जातो.

हायाशीवर तर त्यांचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. एका रविवारी तो मेधाकडे जेवायला आला. वाकून नमस्कार केला, बूट काढले आणि इथल्या रीतीप्रमाणे त्यांची तोंडं दाराकडे फिरवून नीट जोडीनं ठेवले. तो आत गेल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं.

"बूट पाहिलेस? पळायची तयारी करूनच आत आलाय."

"काका, इथे सगळेच तसे ठेवतात."

"मग सगळ्यांचीच चौकशी करायला पाहिजे."

हायाशीनं तिखट आमटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली आणि छान आहे म्हणाला. काकांना तेही आवडलं नाही. "तोंड भाजलंय आणि छान म्हणतो. या पोराच्या मनातलं कळत नाही. इतका सज्जन माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि असा असतो यावर माझा विश्वास नाही." मेधा स्वयंपाकघरात ऐकत होती. त्या रविवारी तिनं भांडी जरा जास्तच जोरात घासली.

शेवटचा उपाय म्हणून हायाशीनं काकांना आणि मेधाला आपल्या गावी नेलं. दुभाषी म्हणून मीही गेले. टोकियोहून त्सुकुबाला जाणारी जलद गाडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. त्सुकुबाहून पुढे हायाशीच्या घरच्या मोटारीनं भातखाचरांतून गेलो. गावाच्या टोकाला जुनं देऊळ होतं आणि आवारात वेगळा लाकडी घंटामनोरा. चारी बाजूंनी उघडा, वर कौलारू छप्पर, आत माणूस मावेल एवढी काशाची घंटा आणि तिच्यासमोर दोरांनी आडवा टांगलेला ओंडका. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी पायऱ्या मधोमध झिजल्या होत्या. काकांनी चष्मा वर करून खांब पाहिले, खिळे शोधले, ते सापडले नाहीत म्हणून पुन्हा शोधले.

मेधा आणि हायाशी देवळाच्या पायरीशी काहीतरी बोलत उभे होते. मी पाटी वाचत होते. पाटीवर लिहिलं होतं, की पुजाऱ्यांव्यतिरिक्त कुणी घंटा वाजवू नये, अवेळी घंटा म्हणजे गावात आग.

मी "काका" म्हणून हाक मारेपर्यंत उशीर झाला होता. आता सांगा, आपल्यातला माणूस देवळात शिरला आणि समोर घंटा दिसली, तर त्याचा हात गप्प राहतो का? जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या या माणसानं घंटेवर मात्र क्षणभरही घेतला नव्हता. त्यांनी ओंडका मागे ओढला आणि मनोभावे सोडला.

तो आवाज माझ्या पायांतून वर चढला. काका हात जोडून, डोळे मिटून उभे. त्यांनी डोळे उघडले तेव्हा गल्लीतून माणसं धावत येत होती. एका आजोबांनी शिरस्त्राण घातलं होतं आणि त्याचा पट्टा ते पळता पळता बांधत होते. एक बाई ओल्या हातांनी, एप्रन घालूनच आली होती. मागून पुजारी, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

काकांचा चेहरा पांढरा पडला. "काय म्हणतायत हे?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच हायाशी पुढे झाला. "मी वाजवली," तो जपानीत म्हणाला आणि कमरेत वाकला. त्याचे कान लाल झाले होते. "लहानपणापासूनची इच्छा होती. चूक झाली."

आजोबा त्याला ओळखत होते. हायाशींचा मुलगा, टोकियोत शिकलेला, आणि असा पोरकटपणा? त्यांनी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. तो वाकलेलाच होता. मी काकांना हळूच सगळं सांगितलं. माणसं पांगली तरी काका मनोऱ्याच्या पायरीवर बसून राहिले.

परतीच्या गाडीत त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "आज मी विनातिकीट प्रवास केला गं. आणि दंड त्या पोरानं भरला."

समोर मेधा आणि हायाशी शाळेतल्या मुलांसारखे मान खाली घालून बसले होते.

"मेधा," काका म्हणाले, "याच्या आईबापांना सांग, लग्न कऱ्हाडला होईल. जेवण तिखट असेल, तेही आधीच सांगून ठेव."

लग्न झालं. मला रजा मिळाली नाही. काका पुन्हा जपानला आले नाहीत, पण दर रविवारी मला फोन करायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "तो नीट वागतो ना? खरं सांग." मी हो म्हटलं की म्हणायचे, "तू त्याच्याच ऑफिसातली. तू हेच सांगणार."

दोन वर्षांनी ते आजारी पडले. मेधा आणि हायाशी कऱ्हाडला गेले. शेवटच्या दिवसांतलं मला मेधानं नंतर सांगितलं. काका सलाईनच्या बाटलीवरची तारीख वाचून घ्यायचे, डॉक्टरांची उलटतपासणी करायचे. डॉक्टर मेधाला बाहेर नेऊन, आता फार दिवस नाहीत, असं सांगून गेले होते. हायाशी काकांच्या उशाशी बसला आणि शिकलेल्या मराठीत म्हणाला, "बाबा, तुम्ही बरे होणार."

काकांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि मेधाला जवळ बोलावलं.

"याचे कान बघ. लाल झालेत. त्या घंटेच्या दिवशीही असेच झाले होते."

हायाशी उठायला लागला. काकांनी त्याचा हात धरून ठेवला.

"त्याला म्हणावं, परत सांग," काका म्हणाले. "ऐकायला बरं वाटतं."