कलम सात: जुने स्नॅपशॉट घेऊ नयेत

हे मी कधी कुणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही, आणि ज्या माणसाला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. मी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेला, भोरमध्ये राहणारा, पत्रे लिहिणारा माणूस आहे. हिर्डोशीपासून वेल्ह्यापर्यंत कितीतरी लोकांचे अर्ज, हरकती, स्मरणपत्रे मी लिहून दिली. प्रत्येकाला जावक क्रमांक आहे. या मजकुराला मात्र चार वर्षे क्रमांक मिळाला नाही. का, ते सांगतो — पण थांबत थांबत सांगावे लागेल.

गेल्या महिन्यात मी घरच्या सर्व्हरच्या नूतनीकरणाचे टिपण तयार केले. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीतली काळी पेटी. तिच्या पोटात तीन वेगळे संगणक चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एकात स्कॅन केलेली कागदपत्रे आणि जावक नोंदवही. दुसऱ्यात घरातल्या फोन-संगणकांचे बॅकअप. तिसऱ्यात जुने विंडोज — कारण माझी पूर्वीची मराठी पत्रे ज्या फॉन्टमध्ये आहेत, तो नव्या संगणकावर चालत नाही. अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. एवढा खटाटोप कशासाठी? माझा कोणत्याही कार्यालयावर विश्वास नाही म्हणून. कागद गहाळ होतात, पोच नाकारली जाते, टेबल बदलले की उत्तर बदलते. माझ्याकडे प्रत असली पाहिजे, आणि त्या प्रतीचीही प्रत.

टिपणात नऊ कलमे होती. दोनऐवजी चार डिस्क, जागा तिप्पट. रॅम दुप्पट. वीज गेल्यावर तग धरील असा यूपीएस. बॅकअपची एक प्रत दर आठवड्याला शिवऱ्याला, मुलीच्या घरी. सगळे रीतसर. आणि कलम सात — जुने स्नॅपशॉट नव्या डिस्कवर घेऊ नयेत. फक्त आजची स्थिती घ्यावी.

स्नॅपशॉट म्हणजे त्या घटकेचा पंचनामा. दर तासाला ही पेटी सर्व फायली असतील तशा मोहोरबंद करते. नंतर तुम्ही फाईल बदला, पुसा — आधीची मागे शाबूत राहते. एकही स्नॅपशॉट पुसायचा नाही, अशी सक्त सूचना पूर्वी मीच दिली होती.

संगणकाच्या दुकानाचा मालक दिलीप याने टिपण वाचले आणि नेमके सातव्या कलमावर बोट ठेवले. "काका, बाकी सगळं तिप्पट मागताय अन् जुनंच तेवढं टाकून देताय? कागद टाकायचा नसतो म्हणून आम्हालाच तर झापता!" तो हसला. माझ्या कानशिलांना चटका बसला. याला हे सुचले कसे? कुणी शिकवले? तीन दिवस मी काही ना काही निमित्ताने त्या दुकानावरून गेलो. आत कोण बसले आहे ते पाहत राहिलो. उत्रोलीचा एक गृहस्थ दोनदा दिसला. त्याचे नावही मी टिपून ठेवले. तो बिचारा प्रिंटर दुरुस्तीला आला होता.

आता तुम्हीच म्हणाल — दडवायला काही असल्याशिवाय माणूस इतका संशयी होतो का? नाही होत. जुन्या डिस्क अजून दोन वर्षे सहज चालल्या असत्या. नऊ कलमांपैकी आठ ही सजावट होती. सारे नूतनीकरण सातव्यासाठी होते.

हिर्डोशीच्या वर एक वस्ती आहे. तिथून डांबरी रस्त्यावर उतरणारी पायवाट एका बाहेरच्या खरेदीदाराच्या जमिनीतून जात असे. त्याला तारेचे कुंपण घालायचे होते. हरकतींसाठी तीस दिवसांची नोटीस निघाली आणि वस्तीने ती विश्वासाने माझ्या हाती ठेवली. मी पाच तारखेला हरकत लिहायला घेतली, वर पाच तारीख घातली, आणि मग — मग मी वाक्ये घासत बसलो. एकेक शब्द बदलत बसलो. घाई कसली होती? मुदत तर बावीसपर्यंत होती.

नव्हती. मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजायची होती, आणि मी ती नोटीस हाती आल्यापासून मोजली. हाच हिशेब चुकवणाऱ्या पक्षकारांना मी उभ्या नोकरीत तुच्छतेने पाहत आलो होतो. मुदत अठराला संपली. एकोणीसला सकाळी मी लिफाफा यूनुसभाईंना दिला.

यूनुसभाई टेलिफोनच्या लाइनीवर काम करून निवृत्त झालेले. ती पेटी त्यांनीच जोडली, स्नॅपशॉटही त्यांनीच लावून दिले. माझे गुडघे गेलेले, म्हणून माझे टपाल ते स्कूटरवरून पोचवत. तो लिफाफा त्यांनी तासाभरात तहसील कार्यालयात पोचवला. पोचेच्या शिक्क्यावर एकोणीसच तारीख होती. हरकत मुदतबाह्य ठरली. कुंपण उभे राहिले, वाट बंद झाली. वस्तीने बैठक बोलावली आणि आम्हा दोघांनाही बोलावले.

बैठकीच्या दुपारी मी जावक नोंदवही उघडली. 'यूनुसभाईंकडे सुपूर्द' या रकान्यात १९ होते. मी ६ केले. हे वाक्य लिहायला मला चार वर्षे लागली, आणि ते काम करायला किती वेळ लागला असेल? दोन कळा दाबल्या, एवढाच.

वस्तीवरच्या शाळेच्या पडवीत मी तो छापील कागद वाचून दाखवला. पत्राची तारीख पाच, सुपूर्द सहा, शिक्का एकोणीस. पुढचे मी बोललोच नाही. लोकांना बोलू दिले. रोज त्या वाटेने दुधाचे कॅन घेऊन उतरणाऱ्या तुळसाबाई म्हणाल्या, "यूनुसभाई, तेरा दिस लिफाफा खिशातच ठिवला व्हय? का प्लॉटवाल्याचा चहा लई गोड लागला?" लोक हसले. तसले हसू तुम्ही कधी ऐकले आहे का?

यूनुसभाईंनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. "साहेब, ह्यो तुमच्या पेटीतलाच कागद न्हवं?"

"होय," मी म्हणालो.

"मग म्या काय बोलू?"

तो कागद माझ्या हातात देऊन यूनुसभाई वस्ती उतरून गेले. 'पेटी उघडा' — एवढे दोन शब्द पुरले असते. ते का बोलले नाहीत? चार वर्षे मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावतो आहे. ते दाव्याची तयारी करत असतील का? कुणाला सांगून ठेवले असेल का? दारावरची प्रत्येक थाप, प्रत्येक रजिस्टर टपाल मला त्यांचेच वाटे. त्यांच्या मौनाचा मला संताप येत असे — होय, त्यांचाच संताप, माझा नव्हे. आणि तेवढ्या काळात काय घडत होते? निवृत्तीनंतर ते त्या पट्ट्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. त्यांना तिकडून बोलावणे बंद झाले. वस्तीवाले आज ओढ्याच्या पात्रातून वळसा घेऊन उतरतात. आणि शिव्या देतात त्या त्यांना.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो, असे मी वाटेत स्वतःला बजावले होते. ते ओट्यावर मिक्सर उघडून बसले होते. "या साहेब. गुडगं काय म्हंत्यात?" त्यांनी पाणी आणवले. पेटी नीट चालते का, असे विचारले. डिस्क बदलायच्या आहेत, मी म्हणालो. त्यांनी पेचकस खाली ठेवला. "बदला की. जुनं सगळं घ्या मातर. काई टाकू नका."

धमकी होती? की नुसता कारागिराचा सल्ला? मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो आणि काहीही सापडले नाही. पाणी प्यालो. उठलो. न सांगता घरी आलो.

काल कलम सात खोडले आणि दिलीपला तसे लेखी कळवले. आज बैठकीच्या दुपारचा, बदल करण्याच्या आधीचा स्नॅपशॉट उघडून नोंदवहीची दोन्ही पाने छापली — १९ असलेले आणि नंतरचे, ६ असलेले. हा मजकूर त्यांना जोडला आहे. एक संच मी उद्या सकाळच्या एसटीने स्वतः वस्तीवर नेऊन तुळसाबाईंसमोर आणि जे जमतील त्यांच्यासमोर वाचणार आहे. एक यूनुसभाईंच्या हातात देणार आहे. एक तहसील कार्यालयाकडे जाईल. माझे वय, माझे गुडघे, माझी आजवरची पत्रे यांचा इथे काही संबंध नाही. क्षमेची विनंती यात केलेली नाही, ती वगळली आहे असे समजावे.

यूनुसभाईंना लिफाफा एकोणीस तारखेला मिळाला. त्यांनी तो त्याच सकाळी पोचवला. मुदत माझ्या हातून गेली. नोंद मी बदलली. लोक त्यांना हसले तेव्हा मी तिथेच उभा होतो.