काकूंच्या घरी पितर नव्हते

पितृपंधरवड्यात आमच्या शेजारच्या काकू हटकून नवी साडी नेसायच्या. चिंचवडच्या आमच्या कामगार वसाहतीत त्या दिवसांत कोणी स्टीलची वाटीसुद्धा विकत घेत नसे. घराघरांतून वडे तळल्याचा वास यायचा, गच्चीवर कावळ्यांसाठी पानं ठेवलेली असायची, आणि काकू कोऱ्या साडीत गॅलरीत उभ्या असायच्या. बायका कुजबुजायच्या, तेही काकूंना ऐकू जाईल अशा बेतानं.

काकूंचे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात होते. एका सकाळी पहिल्या शिफ्टला म्हणून निघाले, ते कंपनीत पोचलेच नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाईक झाले. काही कळलं नाही. मुलगी तेव्हा लहान होती. काकूंनी शिवणकाम धरलं आणि तिला शिकवलं. कुंकू मात्र सोडलं नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि त्यानंतर श्राद्ध सुरू करायचं, अशी रीत आहे. ती मुदत उलटली तसे काकूंचे धाकटे दीर चाकणजवळच्या गावाहून आले. आमची भिंत सामाईक, सगळं ऐकू आलं.

"वैनी, आता किती दिस थांबायचं? दादाला पानी न्हाई पोचत."

"जिवंत माणसाला पिंड द्यायचा का, भाऊजी? आणि उद्या ते दारात येऊन उभे राहिले, तर काय सांगू?"

दीर चहा न घेता गेले. पुढच्या भाद्रपदात पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले.

मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. काकू गावी जाऊन आल्या आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. आईला म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, माज्या डोळ्यादेखत त्याची वाट मोकळी व्हऊ दे. मी मेल्यावर त्याला कोन इचारनार?" उठताना म्हणाल्या, "त्यांनी जन्म दिलाय. माझ्यापेक्षा त्यांचा हक्क आधीचा."

विधी पवनेच्या घाटावर झाला. सासूबाईंना खुर्चीतून उचलून आणलं होतं. गुरुजींनी तिथी विचारली. दीर म्हणाले, "घरातनं निघाला तीच धरा."

काकू पुढे झाल्या. "ती नको. त्या दिवशी ते डबा घेऊन हसत गेलेत. आजची धरा. आज आपण त्यांना मारतोय."

गुरुजींनी मान डोलावून त्याच दिवसाची तिथी धरली. दिरांनी पुतळ्याला अग्नी दिला. सासूबाई मोकळेपणी रडल्या. काकू त्यांचा हात धरून उभ्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी.

सासूबाई त्याच थंडीत गेल्या. मुलगी हिंजवडीत नोकरीला लागली, तशा काकू तिच्याबरोबर वाकडला गेल्या. मध्यंतरी मी त्यांना भेटायला गेलो. बाराव्या मजल्यावरच्या त्या घरात सोफ्याच्या वर यजमानांचा फोटो लावलेला होता, कारखान्याच्या गेटवर काढलेला. त्याला हार नव्हता. मी तिकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"भाऊजी दरवर्षी श्राद्ध घालतात. मी जाते, पंगत वाढते, सगळं करते," त्या म्हणाल्या. "ते त्यांच्या आईसाठी. हार मी घालायचा असतो. तो मी अजून घातलेला नाही."